ड्रमगॅराची गादी, मुक्काम तुबली

१

माझ्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा ठेवला गेला, त्याबद्दल आहे.

मी डॉमनिक. गाव भुईगाव, तालुका वसई. बहारीनला तुबलीच्या खाडीकाठी एका आयरिश साहेबाच्या व्हिलात स्वयंपाकी होतो. साहेबाचं नाव डेस्मंड हॅकेट. समुद्रातला गाळ उपसणाऱ्या कंपनीत इंजिनियर, साठीच्या घरातला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. सकाळी सलमाबादच्या वर्कशॉपला जायचा, दुपारी घरी जेवायचा. मटण आणि उकडलेले बटाटे. बटाटे सालीसकट. त्याच्या आधीच्या स्वयंपाक्याचं नाव जोसेफ होतं, म्हणून मीही जोसेफ. पहिल्या दिवशी मी चूक सुधारली, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं.

त्याला जेवताना गोष्ट लागायची. मी किचनच्या दाराला टेकून सांगायचो. एकदा सांगितलं, आमच्या गावात पापलेटाच्या पोटात घड्याळ सापडलं, तेही चालू.

"कोणत्या कंपनीचं?" साहेबाने विचारलं.

"पापलेटाला विचारायचं राहिलं, सर."

तो इतका हसला की बटाटा घशात अडकला. असा माणूस. त्याचं माझं छान चाललं होतं. संभाषण इंग्रजीत चालायचं, थोडं हिंदीत. इथे मी ते आपल्या भाषेत घालतो, पदरचं मीठ कमीत कमी टाकून.

२

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी आयर्लंडहून फोन आला. साहेब उभ्याने ऐकत राहिला, फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसला.

"जोसेफ, माझा एक चुलतभाऊ वारला. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. आता मी लॉर्ड झालो. लॉर्ड ड्रमगॅरा."

सलमाबादला ड्रम म्हणजे तेलाचे, ते मला माहीत. मी विचारलं, "पगार वाढेल का, सर?"

"एक फिल्सही नाही. जमीन पणजोबाने घालवली, घराचं छप्पर आजोबाने विकलं. नाव तेवढं उरलंय. ते चालत येतं. बापाकडून मोठ्या मुलाला. मुलगा नसेल तर भावाला, भाऊ नसेल तर चुलत्याच्या मुलाला. नेहमी पुरुषांकडून पुरुषांकडे, बापाच्या बापाच्या बापाकडून. बायकांच्या बाजूने नाही."

"आणि तुमच्यानंतर?"

"कोणी नाही. मी शेवटचा. माझ्याबरोबर संपेल." हे सांगताना तो हसत होता. मग ताट पुढे ओढलं आणि बटाट्याची साल सुरीने सोलून बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी भांडी घासायला आत गेलो. आमच्या मागे गॅरेजांची रांग होती, दिवसभर पत्र्याची ठोकाठोक. दुपारी ती थांबायची. त्या शांततेत मला हॉलमधून पावलं ऐकू आली. एक पाऊल पडायचं. दुसरं फरशीवरून ओढलं जायचं. टप्, सर्र. टप्, सर्र.

साहेबाच्या गुडघ्याला लागलं की काय, म्हणून मी डोकावलो. साहेब खिडकीकडून सोफ्याकडे चालला होता, चांगला ताठ, दोन्ही पाय उचलून. आवाजही तसाच. टप्, टप्. मी परत सिंकपाशी आलो, नळ बंद केला. टप्, सर्र.

आता मी अडाणी नाही. एसीचा पाइप हलतो, चपलेचा पट्टा तुटतो, किचनच्या भिंतीला आवाज लागतो. तिन्ही कारणं मी स्वतःला दिली. चपलेचे पट्टे तर रोज तपासले. शाबूत होते.

गंमत अशी की नंतर तो आवाज साहेब सलमाबादला गेलेला असतानाही यायला लागला. तेव्हा चपला दाराशी असायच्या.

३

तेवढ्यात गावाहून माझ्या बायकोचा, मॅगीचा फोन आला. आमच्या क्रिस्टलचं लग्न ठरलं. इस्टर झाल्यावर, पावसाच्या आधी.

"हॉल घेतला, बँड घेतला," मॅगी म्हणाली. "आता बाप तेवढा घ्यायचा राहिलाय."

"येतो गं. साहेबाची सही घेतली की निघालो."

"गोष्टी मला नका सांगू. बारशाला पण निघालेच होतात. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनलाही निघाला होतात. पोरीने फोटोत बाप म्हणून काका उभा केला होता."

ते खरं होतं. गल्फमधल्या बापाला काय लागतं? रजेच्या कागदावर स्पॉन्सरची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्याची सही. माझा स्पॉन्सर साहेबच. मी कागद पुढे केला, त्याने आनंदाने पेन काढलं, सही केली, पाठीवर थाप मारली. मी कागद घेऊन शहरात हूरा भागात ताहिरकडे पळालो. ताहिर रत्नागिरीचा, व्हिसाची कामं करणाऱ्या ऑफिसात क्लार्क. इमिग्रेशनच्या प्रत्येक काउंटरवर त्याची ओळख आणि प्रत्येक ओळखीबद्दल त्याच्याकडे शिवी.

दुपारी त्याने कागद माझ्या अंगावर फेकला. "मेल्या, हा ड्रमगॅरा कोण?"

सहीच्या जागी एकच शब्द होता. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. साहेबाचं अक्षर ठोकळ्यासारखं असायचं.

"लॉर्ड लोक असंच करतात," मी म्हणालो. "नुसतं गादीचं नाव लिहितात. तोच सांगत होता."

"गादीवर झोपू दे त्याला. कार्डावर डेस्मंड हॅकेट आहे. काउंटरवाला म्हणतो, या नावाचा माणूस बहारीनमध्ये आलेलाच नाही. नवी सही आण. यल्ला, पळ."

नवी आणली. ड्रमगॅरा. परत आणली. ड्रमगॅरा. ताहिर म्हणाला, साहेब मुद्दाम करतो, तुझ्या हातचं मटण सोडवत नाही त्याला. मलाही तसंच वाटलं आणि त्या संध्याकाळी मी मटणात तिखट ओतलं. साहेबाने निमूट खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रार नाही. ते पाणी तिखटाचं नव्हतं हे मला पुढे कळलं.

४

"बस," साहेब म्हणाला. एका दुपारी, जेवण झाल्यावर. साहेब मला बसायला सांगत नसे. मी खुर्चीच्या टोकावर टेकलो.

त्याने वर्तमानपत्राच्या कडेला पेन टेकवलं. "हे बघ. मी डेस्मंड लिहितोय." ओठ हलत होते, डेस्मंड, डेस्मंड. हात मात्र दुसऱ्याच कामाला लागला होता. सावकाश, झुकलेल्या अक्षरात, ड्रमगॅरा. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. कागद फाटला, शब्द पुरा झाला.

"चेकही परत येतात," तो म्हणाला. "बँक सांगते, ही सही आम्ही ओळखत नाही. बरं, मी लॉर्ड आहे म्हणावं, तर तिकडचं ऑफिस तेही मानत नाही. माझ्या पणजोबाचं लग्न रीतसर झालं होतं याचा पुरावा मागतात. ते चर्च जळून गेलं. पुराव्याशिवाय मी कोणीच नाही, जोसेफ. हॅकेट नाही आणि ड्रमगॅराही नाही."

म्हणजे माझ्या पोरीचं लग्न एका जळालेल्या आयरिश चर्चमध्ये अडकलं होतं. मी कपाळाला हात लावला.

"ऑफिसं पुरावा मागतात," साहेब हळूच म्हणाला आणि हॉलच्या दाराकडे पाहिलं. "हे मागत नाही. याला फक्त कोणीतरी लागतं." मग माझ्याकडे वळला. "तुला मुलगे किती?"

"मुलगी एकच, सर."

"छान," तो म्हणाला. "फार छान झालं."

ताहिरने शेवटचा उपाय काढला. साहेबालाच काउंटरवर उभा करायचा. आम्ही त्याला गाडीत घालून नेला. रांगेत उभे राहिलो. ताहिर, साहेब, मी. रांग पुढे सरकायची आणि माझ्या पाठीमागे, जिथे कोणीच नव्हतं, तिथेही काहीतरी सरकायचं. टप्, सर्र. इतक्या गर्दीत ते मला ऐकू आलं, यावरूनच तो माझ्या कानांचा दोष असणार असं मी ठरवलं.

काउंटरवरच्या ऑफिसरने साहेबाचा पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, कार्ड पाहिलं. सगळं जुळलं. मग म्हणाला, सही करा. साहेबाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने लिहिलं. ऑफिसरने कागद दोन बोटांनी परत सरकवला.

"फोटो तुझा आहे, सही दुसऱ्याची आहे. ज्याची सही असेल त्याला आण. बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. बहारीनमध्ये कितवा उद्या ते कोणी सांगत नाही.

परतताना गाडीत ताहिरच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही. हे मी त्याचं प्रथमच पाहिलं. मला उतरवताना एवढंच म्हणाला, "डॉमनिक, मागच्या सीटवर तुम्ही दोघंच होतात ना रे?"

५

मॅगीचा फोन आला. "क्रिस्टलने काकांना विचारलंय, अल्टरपर्यंत कोण नेणार म्हणून. ते हो म्हणाले. तुमचा सूट पण त्यांनाच बसवून घेतलाय."

माझं डोकं फिरलं. माझी पोर, माझा सूट, आणि हात दुसऱ्याचा. मी ठरवलं, आता सरळ बोलून भागणार नाही. साहेबाला हसवायचा. हसताना माणसाचा हात मोकळा असतो. मोकळ्या हाताने कदाचित जुनी सही निघून जाईल. माझ्यापाशी दुसरं हत्यार होतं कुठे?

दुपारी बटाटे वाढले. कागद ताटाशेजारी ठेवला, त्यावर पेन. गॅरेजं थांबली होती. खाडीवर ओहोटीचा वास, पडद्याबाहेर पांढरंफटक ऊन. आणि हॉलमध्ये त्या आवाजाची फेरी चालू. आम्ही दोघंही ती ऐकत होतो आणि दोघंही ऐकत नसल्यासारखं करत होतो.

"सर, माझे डोळे पाहिलेत?" मी म्हणालो. "घारे आहेत. का ते माहीत आहे? मी पण आयरिश आहे."

साहेबाने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"भुईगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं. एक लाल केसांचा पोरगा फळीला धरून वर आला. घरातला धाकटा, भांडून पळालेला. आमच्या लोकांनी त्याला भात-मासे घातले, तो परत कशाला जातोय? माझ्या आजीचा आजोबा तो."

"आजीचा?" साहेब चक्क हसला. "मग उपयोग नाही. बायकांच्या बाजूने चालत नाही, सांगितलं होतं ना तुला."

आता मला सांगा, गोष्ट सांगणाऱ्याला भोक दाखवलं तर तो काय करतो? बुजवतो. जीभच तशी.

"चुकलो, सर. आजीचा नाही, आजोबाचा आजोबा. बापाच्या बापाच्या बापाकडून, सगळे पुरुषच. थोरला मुलगा, त्याचा थोरला मुलगा, असं करत करत मी. आणि लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलेलं, फादरच्या हातून, रीतसर. आमचं चर्च जळलेलं नाही. नाव काय सांगायचा तो म्हातारा? ड्रम... ड्रम... हं! ड्रमगॅरा!"

मी दोन्ही हात पसरले. इथे साहेबाने हसायचं होतं.

हॉलमधली पावलं थांबली.

मधेच थांबली. टप् झालं आणि सर्र झालंच नाही. इतके महिने मी ती थांबावीत म्हणून तळमळत होतो. थांबल्यावर कळलं, चालत होती तेच बरं होतं. आपलं नाव कोणी घेतलं की माणूस जसा कान देतो, तशी ती शांतता होती.

साहेबाच्या तोंडचा रंग उडाला. "सांग की हे खोटं आहे."

"खोटंच आहे, सर. घड्याळाच्या पापलेटासारखं."

"मला नको सांगू." त्याने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. "तिकडे सांग."

मी वळलो. रिकामा हॉल. सोफा, टीव्ही, पडद्याखालून आलेली उन्हाची पट्टी. मी त्या रिकाम्या हॉलला इंग्रजीत सांगितलं, मी खोटं बोललो. हिंदीत सांगितलं. मराठीत सांगितलं, आईच्या गळ्याची शप्पथ घेऊन. आमचे सगळे पूर्वज भुईगावचे बागायतदार, केळी लावणारे, कुठलं जहाज न् कुठलं काय. आयुष्यात इतकं सलग खरं मी कधी बोललो नव्हतो. पणजोबाच्या लग्नाचा एक दाखला नाही म्हणून साहेबाला पुरावे मागणारी सगळी ऑफिसं मला आठवली. एक तरी ऑफिस तिथे असायला हवं होतं. पुरावा मागणारं. नामंजूर म्हणणारं. बुकरा म्हणणारं.

सर्र.

हॉलमध्ये नाही. माझ्या टाचेपाशी.

६

भांडी आवरायच्या बहाण्याने मी टेबलावर वाकलो, कारण मागे बघायची हिंमत नव्हती आणि हातांना काम हवं होतं. मटणाच्या भांड्यावर स्टीलचं झाकण होतं, फुगीर, मीच घासून आरसा केलेलं. त्यात माझं तोंड दिसलं, भोपळ्याएवढं. आणि माझ्या मागे रांग.

पुरुषच पुरुष. एकामागे एक, हॉलमधून दारातून थेट खाडीच्या उन्हापर्यंत, इमिग्रेशनला लागते तशी. मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर. चेहरे मी पाहिले नाहीत. म्हणजे झाकणाच्या फुगवट्यात ते ओढले गेले होते, असं मी म्हणतो. सगळ्यात पुढे जो उभा होता त्याच्या पुढे कोणी नव्हतं, म्हणून त्याचा हात नुसताच उचललेला होता. तो खाली येत होता.

मी झाकण पालथं घातलं.

पेनाचा आवाज आला. साहेब लिहीत होता. भराभर, ठोकळ्यासारख्या अक्षरात, कागदावर, वर्तमानपत्रावर, टेबलक्लॉथवर. डेस्मंड हॅकेट. डेस्मंड हॅकेट. डेस्मंड हॅकेट. तो रडत होता आणि हसत होता, आणि मधेच माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणत होता, पण हात थांबवत नव्हता. भुकेला माणूस जेवतो तसा तो आपलं नाव लिहीत होता.

मग त्याने रजेचा कागद पुढे धरला. बरोबर जागी, बरोबर सही. काउंटरवाल्याने मुका घेतला असता अशी.

"जा," तो म्हणाला. "लग्नाला जा. लवकर जा." शेवटचं वाक्य माझ्याशी नव्हतंच. माझ्या खांद्याच्या जरा वर, मागे, त्याची नजर खिळली होती. तो उठून उभा राहिला. साहेब, माझ्यासमोर, दोन्ही हात बाजूला. मी दारातून बाहेर पडेपर्यंत तो बसला नाही. पुढचा दरवाजासुद्धा त्याने उघडून धरला, आणि मी बाहेर पडल्यावर लगेच लावला नाही. बराच वेळ धरून ठेवला, एकेकाला जाऊ देतात तसा.

ताहिरने दुसऱ्या दिवशी शिक्का आणून दिला. "मफी मुश्किला! काही अडचण नाही! अरे, चहा प्यायला वेळ मिळाला नाही इतक्यात झालं. हास ना मेल्या, रजा मिळाली तुला!"

मी हसलो. एअरपोर्टवर बाहेर जाताना भरायचं ते छोटं कार्ड दिलं. सगळे रकाने भरले, शेवटी सहीवर आलो. इंग्रजी 'डी' उमटला. तो जरा उजवीकडे झुकल्यासारखा वाटला. घाईत अक्षर झुकतं. उभ्याने लिहिताना तर झुकतंच. पुढचं अक्षर उमटायच्या आत मी पेन उचललं, कार्ड चुरगळलं, आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, भाऊ, चष्मा विसरलो, सगळं तूच कर.

७

लग्न छान झालं. अल्टरपर्यंत क्रिस्टलला मीच नेलं. सूट काकाच्या मापाचा झाला होता, कमरेला पिना लावल्या. आमच्या पावलांचा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून मी बँडवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, वेदीशी पोचेपर्यंत ढोल थांबवू नकोस. मॅगी म्हणाली, यांची नाटकं कधी संपणार नाहीत.

मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरनी लग्नाची नोंदवही उघडली. नवरा-नवरीने सह्या केल्या. मुलाकडच्या साक्षीदाराने केली. मग फादर माझ्याकडे पाहून हसले, त्यांनीच मला लहानपणी वेदीवर मेणबत्त्या लावायला ठेवलं होतं, आणि पेन माझ्या हातात दिलं. "ये डॉमनिक. बापाची साक्ष. इथे, मुलीच्या नावाखाली."

क्रिस्टलचं नाव तिथे होतं, ओल्या शाईत. त्याच्या खाली मोकळी रेघ. तिच्या नवऱ्याचं नाव शेजारी. पोरगा उभा होता बाजूला, चांगला उंच, हसतमुख. चार वर्षांनी त्याला मुलगे होतील. माझ्या घरात मुलगा नाही, यावर साहेब फार छान म्हणाला होता. पण ज्याने माझी गोष्ट चालवून घेतली, तो जावयाच्या बाबतीत नियम पाळेलच याचा भरवसा काय?

चर्चमध्ये ढोल थांबला होता. मी पेन खाली ठेवलं आणि शिक्क्याचं पॅड मागितलं.

"डॅडी!" क्रिस्टल दबक्या आवाजात म्हणाली. तिच्या सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी खुदकन हसलं. फादरना वाटलं मी चेष्टा करतोय, माझी ख्यातीच तशी. त्यांनी पेन पुन्हा पुढे केलं. मी हात पाठीमागे नेले, मग पाठीमागे नको म्हणून पुढे घेतले.

मॅगी कानाशी आली. "अहो, लाज आणता का पोरीला? लिहिता येतं ना तुम्हाला?"

"येतं," मी म्हणालो. "काय लिहून येतं, ते मला बघायचं नाही."

आणि जाड शाईत अंगठा बुडवला.